राव तातांच्या वाफ्यातली नऊ झाडं

कचऱ्याची गाडी शुक्रवारी सकाळी येणार होती, म्हणून चोरी गुरुवारी दुपारीच उरकायची असं ठरलं.

"चोरी कसाला म्हणायचं?" भरद्वाज म्हणाला. "टाकलेलं उचललं तर ती चोरी होतच नाही."

मग दारातून का नाही जायचं, भिंतीवरून का जायचं, असं नित्यानं विचारलं. नित्या ही भरद्वाजची धाकटी बहीण, नऊ वर्षांची, आणि तिचे प्रश्न नेहमी असे अडचणीचे असत. भरद्वाज बारा वर्षांचा. प्रत्येक कामाला 'मोहीम' म्हणायचं आणि तिचं सेनापतिपद परस्पर स्वतःकडे घ्यायचं, ही त्याची जुनी खोड. पण हा प्रश्न त्यानं शेजारच्या शांभवीकडे ढकलला. शांभवी तेरा वर्षांची, तिघांत मोठी, आणि ही मोहीम खरं तर तिचीच होती.

दारातून जाता येत नव्हतं, कारण त्या घराची पायरी चढायची नाही अशी भरद्वाजच्या आईनं, अलमेलुअम्मांनी, सक्त ताकीद दिली होती. भिंतीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

ते घर हनुमंतरावांचं. तंजावरच्या मेल वीधीतली, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावरची, पोरं त्यांना 'राव ताता' म्हणायची. ताता म्हणजे आजोबा. वीधीतल्या मराठी घरांत असं अर्धं तमिळ, अर्धं मराठी चालतंच, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

राव ताता चौतीस वर्षं एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. प्राध्यापक नव्हेत. प्राध्यापक शिकवायचे, पण शिकवताना सूक्ष्मदर्शकाखाली जो पानाचा पातळ काप ठेवलेला असायचा, तो राव तातांनी दाढीच्या पात्यानं कापलेला असायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात कोरफडीचा वाफा केला. वीधीत कुणाचा हात भाजला, कुणाचे केस गळायला लागले, की एखादं पोर राव तातांकडे धावायचं. पान उभं धरून आधी पिवळा चीक गळू द्या, मग सोला, मग धुवा, हे ते प्रत्येकाला प्रत्येक वेळी न कंटाळता सांगायचे. अंगणात खेळणाऱ्या पोरांना टोचू नये म्हणून प्रत्येक पानाचं अणकुचीदार टोक आणि काठाचे मोठे काटे ते कात्रीनं छाटून ठेवायचे.

गेल्या शनिवारी जननीनं असंच एक पान नेलं. जननी ही भरद्वाजची मोठी बहीण, दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता. चेहरा तजेलदार दिसावा म्हणून तिनं गर चोळला आणि पाव तासात आग आग झाली. गालांवर, गळ्यावर टचटचीत फोड आले. कुठल्या तरी झाडाचा चीक बाधलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. साखरपुडा पुढे ढकलावा लागला. वर मुलाकडची माणसं विचारायला लागली, की मुलीला कातडीचं काही जुनं दुखणं तर नाही ना?

अलमेलुअम्मा तरातरा राव तातांच्या दाराशी गेल्या आणि सगळ्या वीधीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डोळ्याला दिसेना तर औषध कसाला देता, राव? माझ्या पोरीचं तोंड म्हणजे तुमची लॅब काय?"

राव तातांनी हात जोडले. चूक माझीच, एवढंच म्हणाले. आणि बुधवारी त्यांनी वाफ्यातली चाळीसच्या चाळीस झाडं स्वतः उपटली आणि खड्ड्यांशेजारीच टाकून दिली.

त्यांचा मुलगा सुंदर कोइमतूरहून आला होता. वडिलांनी आता एकटं राहू नये, रविवारच्या गाडीनं आपल्याबरोबर यावं, असं त्याचं म्हणणं. तिकिटंही त्यानं दोन काढली होती. राव ताता ऐकत नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो काढून घेईन, पानं वाटणं बंद करीन, पण तंजावर सोडणार नाही, असं ते रोज सांगत होते. बाप-लेकाचा वाद अख्खी वीधी ऐकत होती. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त काळजी वाटत होती.

शांभवीला एकच वाटत होतं. राव ताता पान ओळखायला चुकायचे नाहीत. वाफ्यात काहीतरी निराळं आहे, ते शोधून काढलं की ते इथेच राहतील. दर सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून ती काप घ्यायला शिकली होती. ते गेले तर तिची सुट्टीच गेली, मग उरलं काय?

तर दुपारी, सगळी वीधी जेवून आडवी झालेली असताना, मोहीम पार पडली. भरद्वाज भिंतीवर बसून पहारा देत होता. पहारा म्हणजे कुणी दिसलं तर खोकायचं. त्याला खरंच खोकला आला, तेव्हा शांभवी आणि नित्या दोनदा उगीचच हौदामागे लपल्या. शांभवीनं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. तिनं प्रत्येक झाडाचं एकेक पान कापलं, पानावर आणि झाडावर पेनानं एकच आकडा घातला, आणि ज्या खड्ड्याशी झाड पडलं होतं तिथे तोच आकडा मातीत कोरला. राव तातांनी झाडं उपटून जागच्या जागीच टाकली होती, त्यामुळे खड्डे जुळवायला फारसा त्रास झाला नाही. चाळीस पानं पोत्यात भरून तिघं गच्चीवरच्या खोलीत आली.

पानं सगळी सारखीच दिसत होती. राखाडी हिरवी, जाड, टोकं छाटलेली. भरद्वाजचा चेहरा पडला. एवढ्यात नित्या मनगट खाजवायला लागली. तिनं वाटेत निसटलेलं एक पान उघड्या हातानं उचललं होतं आणि तिथे लाल पुरळ उठलं होतं. शांभवीनं तिचा हात साबणानं दोनदा धुतला. नित्या रडली नाही. तपासात आपला पुरावा पहिला, याचाच तिला अभिमान वाटत होता.

शाळेच्या विज्ञान मंडळानं दिलेलं घडीचं कागदी सूक्ष्मदर्शक शांभवीकडे होतं. नवीन पातं होतं. मऊ पान हातात धरून कापता येत नाही, म्हणून गाजराला चीर देऊन त्यात पानाचा तुकडा बसवायचा आणि गाजरासकट काप घ्यायचे, हीसुद्धा राव तातांचीच शिकवण. पहिले काप दोशासारखे जाड आले. भरद्वाज म्हणाला की यांवर चटणी वाढा.

शांभवीनं डोळे मिटले आणि राव ताता लाडानं 'कण्णा', म्हणजे बाळा, म्हणून काय सांगायचे ते आठवलं. "पातं दाबू नोको कण्णा, ओढ. कापलं म्हणून पानाला कळायला नोको." तिनं पातं ओलं केलं आणि एका दमात स्वतःकडे ओढलं. पाण्यावर एक काप तरंगला, इतका पातळ की खालच्या बशीवरचं फूल त्यातून स्पष्ट दिसलं.

लाल शाईचा थेंब टाकून तिनं तो काप काचेखाली सरकवला. हिरव्या सालीच्या आतल्या कडेनं शिरांचे ठिपके एका ओळीत, माळ घातल्यासारखे गोल बसले होते. मधला सगळा गर पारदर्शक, त्यात एकही ठिपका नाही. हे तिनं पूर्वी कितीदा पाहिलं होतं. हीच कोरफड.

मग तिनं नित्याला बाधलेलं पान घेतलं. ते कापतानाच पातं अडखळलं, आत चिवट दोरे होते. आणि काचेखाली पाहिलं तर माळ नव्हतीच. ठिपके सगळ्या गरात विखुरलेले, अगदी मध्यापर्यंत, आणि प्रत्येकाला जाड तंतूंचं टोपडं. काही पेशींत तर बारीक सुयांच्या जुड्याच्या जुड्या भरलेल्या होत्या. कोरफडीत अशी जुडी शोधून एखादी सापडते, इथे जिकडे तिकडे तेच. ह्या सुया कातडीत शिरल्या आणि मागोमाग चीक गेला, तर फोड येणार नाहीत तर काय होईल?

"दोन निराळी झाडं आहेत," शांभवी म्हणाली. "बाहेरून सारखी. आतून नाहीत."

तिघांनी संध्याकाळपर्यंत चाळीस पानांचे काप पाहिले. भरद्वाज वहीत लिहीत होता, नित्या काचा धूत होती. एकतीस माळेवाली, नऊ विखुरलेली.

आता हे दुसरं झाड कुठलं, ते हवं होतं. अशी झाडं आपण गाडीच्या खिडकीतून पाहिली आहेत, कुंभकोणमला जाताना, पापनाशमच्या फाटकाशी, असं भरद्वाजला आठवलं. शांभवीच्या आत्याचं घर पापनाशमलाच. आत्याला लोणच्याची बरणी पोचवायची आहे असं घरी सांगून शुक्रवारी सकाळी तिघं बसनं निघाली. बरणी खरंच होती, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

रेल्वेच्या फाटकाशी, कुंपणालगत, घायपातांची रांगच्या रांग होती. तिथली माणसं त्यांना रेल्वे कत्ताळै म्हणतात. मोठी झाडं माणसाएवढी, त्यांना कुणी कोरफड म्हणालं नसतं. पण त्यांच्या पायथ्याशी फुटलेली पिल्लं हुबेहूब वाफ्यातल्यासारखी होती. नुसतं टोक काळं, सुईसारखं टोकदार होतं, आणि तेच तर राव ताता छाटून टाकायचे! भरद्वाज आनंदानं नाचला. फाटकवाला ओरडला तेव्हा कुठे थांबला. त्यांनी एक पान कापून पिशवीत घातलं.

शांभवी नाचली नाही. ती फाटकाकडे पाहत उभी होती.

तिला तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली होती. आत्याकडून परत येताना हेच फाटक बंद होतं. वडील, वैद्यनाथ, स्कूटर थांबवून खाली उतरले आणि कुंपणाशी फुटलेलं एक पिल्लू मुळासकट उपटून घेऊन आले. दाराला बांधायला. तंजावरात नवीन चौकटीला, दृष्ट लागू नये म्हणून कोरफडीचं रोप उलटं टांगतात, मुळं वर, पानं खाली, हळद-कुंकू लावून. मातीपाण्याशिवाय ते महिनोन्‌महिने हिरवं राहतं. बाजारातली कोरफड सहा महिन्यांत वाळते, ही दोन वर्षं टिकते, असं वडील मोठ्या हुशारीनं म्हणाले होते.

ते रोप वर्षभर दाराशी लोंबलं. मग पोंगलच्या आधी घराला चुना द्यायचा होता म्हणून वडिलांनी ते काढलं आणि कुठंतरी टाकून ये, म्हणून तिच्या हातात दिलं. शांभवी तेव्हा अकरा वर्षांची. रोप सुरकुतलं होतं, पण मधलं एक पान अजून जिवंत होतं. एक वर्षभर बिचारं उलटं लटकलं, आपल्याला राखलं, आणि आता कचऱ्यात? तिला ते बघवेना. तिनं ते राव तातांच्या वाफ्यात, कपडे धुवायच्या दगडालगतच्या कोपऱ्यात, कोरफडींच्या शेजारी लावलं. सोबत होईल म्हणून. राव ताता तेव्हा मुलाकडे गेले होते. परत आल्यावर सांगायचं, असं तिनं ठरवलं आणि विसरून गेली.

"शांभवी अक्का, बस आली," नित्या म्हणाली. शांभवी बसली. वाटेत भरद्वाज बोलत होता, ती एकही शब्द ऐकत नव्हती.

संध्याकाळी भरद्वाजनं भिंतीवर बसून वाफ्याचा नकाशा काढला. नऊ आकड्यांचे नऊ खड्डे त्यानं लाल पेन्सिलीनं भरले. ते सगळे कपडे धुवायच्या दगडालगतच्या एका कोपऱ्यातून पसरत आले होते. माती उकरली तर त्या कोपऱ्यापासून निघालेल्या आडव्या मुळ्यासुद्धा अजून तिथे होत्या. आधी एकच झाड कुणीतरी लावलं, बाकी आठ त्याची पिल्लं! आता गुन्हेगार तेवढा शोधायचा राहिला, असं तो म्हणाला. शांभवीनं नकाशा घडी करून वहीत ठेवला.

शनिवारी संध्याकाळी शांभवीच्या घरी सगळे जमले. तिचे आईवडील, अलमेलुअम्मा, ओढणीनं गळा झाकलेली जननी, आणि सुंदरबरोबर राव ताता. राव ताता दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. भरद्वाजनं सगळी हकिकत सांगितली, अर्थातच स्वतःला जरा पुढे करून. नित्यानं मनगट दाखवलं. मग एकेकानं काचेतून पाहिलं.

अलमेलुअम्मांनी फार वेळ पाहिलं. त्या तापट होत्या, पण कोडग्या नव्हत्या. उठून राव तातांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की मी न विचारता, न बघता बोलले, मला क्षमा करा. जननीच्या होणाऱ्या सासरी आता हे काप नेऊन दाखवता येणार होते, दुखणं कातडीचं नव्हे, झाडाचं आहे हे सिद्ध झालं होतं. जननीला रडू आलं. तिनं तिघांना जवळ घेतलं. अशोका हलव्याचा डबा फिरला. वैद्यनाथांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि सबाश म्हटलं. मोठ्यांना जमलं नाही ते पोरांनी केलं, असं जो तो म्हणत होता.

मग अलमेलुअम्मांचा राग नवी जागा शोधायला लागला. "आता कोण लावलं ते कळू दे. त्याला माझ्या दाराशी उभं करायची नाही मी."

"कोण बिनडोक असेल तो," वैद्यनाथ म्हणाले.

ते ज्या दाराला टेकून बोलत होते, त्याच दारावरून ते रोप उतरलं होतं. त्यांना काही आठवत नव्हतं. शांभवीनं तोंड उघडलं. भरद्वाज तिच्याकडे कौतुकानं पाहत होता, नित्या तिच्या मांडीवर बसली होती, तिच्या हातात हलवा होता. तिनं तोंड मिटलं. खरं सांगायचं तर नुसती भीतीच नव्हती. कौतुकही गोड लागत होतं, आणि ते आणखी थोडा वेळ टिकावं असं तिला वाटलं. उद्या सकाळी सांगू, एकट्या राव तातांना सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

राव तातांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं. काप कुणी घेतला, म्हणून विचारलं. शांभवीनं, असं कळल्यावर ते हसले, पातळ आलाय म्हणाले. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या वहीत दर झाडाची तारीख आहे," ते सावकाश म्हणाले. "दगडाशी काही लावलं म्हणून लिहिलेलं नाही. वाफ्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. म्हणजे मीच लावलं, आणि विसरलो."

कुणीतरी समजूत घातली, की असं होतं, वय झालं की माणूस विसरतो.

"डोळ्याचं आपरेशन होतं," ते सुंदरला म्हणाले. "विसरण्याचं काय करतात? तू म्हणतोस तेच बरं. उद्या येतो मी तुझ्याबरोबर."

काय झालं ते शांभवीला त्या क्षणी कळलं. त्यांना इथे ठेवण्यासाठी केलेल्या तपासानंच त्यांना घालवलं होतं. डोळे अधू आहेत एवढंच वाटत होतं तोवर ते भांडत होते. डोक्यावरचाच भरवसा उडाला, तेव्हा त्यांनी भांडण सोडलं. अर्धं खरं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, किंवा पूर्ण सांगायला हवं होतं. आणि उरलेलं अर्धं एका वाक्याचं होतं. ते तिच्याजवळ होतं आणि ते तिनं म्हटलं नाही.

रविवारी सकाळी ती दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली. पहिल्यांदा सुंदर सामान बांधत होता. दुसऱ्यांदा, सुंदरनं आधीच बोलून ठेवलेले भाडेकरू घर बघायला आले होते, त्यांनी किल्ली घेतली आणि मागच्या अंगणात मोटार ठेवता येईल का ते पावलांनी मोजायला लागले. राव ताता ओसरीवर बसले होते. त्यांनी तिला हाक मारली, बैस म्हणाले. ती म्हणाली, काही नाही ताता, सहज आले. तिला स्वतःचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता.

दुपारी रिक्षाचा आवाज आला आणि गेला. तेव्हा मात्र ती भरद्वाजच्या घरात शिरली, त्याला बाहेर ओढलं, आणि सायकल काढ म्हणाली. वाटेत तिनं त्याच्या पाठीमागून सगळं सांगितलं. पापनाशमचं फाटक, उलटं टांगलेलं रोप, दगडाचा कोपरा. भरद्वाजनं सायकल थांबवली. मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ह्याच पानानं त्याच्या बहिणीचा चेहरा भाजला होता. मग त्यानं पुन्हा पॅडलवर पाय ठेवला.

"नीट धरून बस," तो शेवटी म्हणाला. "गाडी चुकेल."

गाडी चुकली नाही. राव ताता डब्यात खिडकीशी बसले होते. शांभवी गजांना धरून उभी राहिली. धापेमुळे तिला नीट बोलता येईना.

"ताता, ते मी लावलं. दगडाशी. आमच्या दाराचं होतं, टाकून ये म्हणाले, मला टाकवेना. तुम्ही गावी होता. मी सांगितलंच नाही."

राव तातांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी तिला विचारलं, कधी? चुना देताना, पोंगलच्या आधी. किती पानं जिवंत होती? एकच, मधलं. ते बोटांवर महिने मोजत राहिले. मग एकदम हसले, इतके मोकळे की समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

"म्हणजे मी विसरलो नाही. सुंदर, ऐकलंस? मी काही विसरलो नाही रे."

सुंदरनं ऐकलं. त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. पण किल्ली सकाळीच दुसऱ्याच्या हाती गेली होती, सामान बाकाखाली होतं, आणि गाडीनं शिट्टी दिली. राव तातांनी खिडकीतून हात बाहेर काढून शांभवीच्या डोक्यावर ठेवला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"हे काल सांगायचं होतं ग, कण्णा," ते म्हणाले. "काल सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो."

गाडी हलली. भरद्वाज थोडं अंतर गाडीबरोबर पळाला. शांभवी जागची हलली नाही.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, एक शब्दही राखला नाही. वैद्यनाथ खाली मान घालून बसले. रोप उपटून आणणारा मी, टाक म्हणणाराही मी, चूक आधी माझी, असं ते म्हणाले. मग अलमेलुअम्मांनी शांभवीला जवळ ओढलं, आणि एवढं खरं बोलायला धीर लागतो, माझ्या पोरांनी तुझ्याकडून शिकावं, असं म्हणाल्या.

जननीचा चेहरा महिन्याभरात निवळला, साखरपुडाही झाला. राव तातांचं डोळ्याचं ऑपरेशन कोइमतूरला झालं. अधूनमधून त्यांचा फोन येतो, काप कसे येतात म्हणून विचारतात. परत येण्याचं काही बोलत नाहीत. वाफ्याच्या जागी आता फरशी आहे आणि फरशीवर भाडेकरूंची मोटार उभी असते.

वीधीत अजूनही कुणी पाहुणा आला की पानाच्या कापांची गोष्ट निघते. पोरीनं शोधून कसं काढलं आणि मग स्वतःची चूकही कशी कबूल केली, हे मोठी माणसं कौतुकानं सांगतात. शांभवी ते ऐकून घेते. कबूल केलं, हे सगळे सांगतात. केव्हा केलं, हे कुणीच विचारत नाही, आणि तेवढंच कुणीतरी विचारावं असं तिला वाटत राहतं.